‘हुशार आणि कच्ची मुलं वेगळी बसवा’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. शब्द दरवेळी थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. हुशार आणि कच्ची मुलं एका वर्गात कोंबल्याने दोघांचंही नुकसान होतं. शिक्षक कच्च्यांमागे धावतात आणि हुशार पोरं जांभया देत बसतात, म्हणून गुणांनुसार तुकड्या पाडा. पूर्वी नापास करायचे तेव्हा पोरं शिकत होती. शिक्षणहक्क कायद्याने ढकलपास आणलं आणि सगळ्यांना एकाच मापाने शिकवायची सक्ती केली. एका वर्गात तीन-चार पातळ्यांना शिकवणं ही परदेशी थेरं, आपल्याकडच्या भरल्या वर्गात अशक्य. शिक्षकाला वेळ कुठे आहे? आणि जाता जाता: विशेष गरजा असलेली मुलं विशेष शाळेतच बरी. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. हा संदेश मला पालकांकडून येतो आणि शिक्षकांच्या गटांतूनही येतो. पालकांचं मी समजू शकते. शिक्षकांनी तो न वाचता पुढे ढकलावा हे मात्र टोचतं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या रोजच्या कामातून त्यांना खोट्या ठरलेल्या दिसल्या असणार.

संदेशामागची तक्रार खोटी नाही, हे आधीच मान्य करते. ‘असर’ या घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीचं भाषेचं पुस्तक उघडून शिकवायला उभं राहिलं, की अर्ध्या वर्गाला ते पुस्तक वाचताच येत नाही, अशी ही स्थिती आहे. प्रश्न उपायाचा आहे.

“गुणांनुसार तुकड्या पाडल्या की एका तुकडीत एकाच पातळीची मुलं येतील”

येत नाहीत. तुकड्या पडतात त्या वार्षिक परीक्षेच्या एकूण टक्केवारीवर. पंचावन्न टक्के मिळवलेल्या दोन मुलींपैकी एकीला गणित चांगलं येतं, पण वाचताना जोडाक्षर आलं की ती थांबते. दुसरी घडाघडा वाचते आणि हातच्याच्या वजाबाकीला अडते. टक्के सारखे म्हणून दोघी ब तुकडीत. दिल्लीतल्या सरकारी शाळांतल्या सहावी आणि त्यापुढच्या मुलांवर कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि एकाच इयत्तेतल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचं अंतर होतं. एवढं अंतर अ, ब, क अशा तीन खोल्यांत वाटलं, तरी प्रत्येक खोलीत दोन-तीन पातळ्या उरणारच.

मुळात पातळी म्हणजे काय, हे जरा जवळून बघू. तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा २७ लिहा. उत्तर २५. ज्यांचं चुकतं त्यांच्यातल्या बऱ्याच वह्यांत ३५ सापडतं. आपण लाल फुली मारतो आणि पुढची वही घेतो. पण हे ३५ दोन वेगळ्या वाटांनी आलेलं असतं. एक मूल एककाच्या घरात बघतं, २ मधून ७ जात नाहीत, म्हणून सरळ उलटं करतं: ७ मधून २ गेले, राहिले ५. मग दशकात ५ मधून २ गेले, राहिले ३. दुसरं मूल हातचा घेतं, १२ मधून ७ काढून ५ लिहितं, पण दशकाच्या घरातला एक दशक कमी करायचा राहून जातो. तेही ५ मधून २ काढून ३ मांडतं. दोघांचंही ३५.

पहिल्याला बावन्न म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे, हेच अजून उमगलेलं नाही. त्याच्या हातात काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्या लागतील, ‘यातल्या आठ मला दे’ म्हणावं लागेल, आणि गठ्ठा सोडल्याशिवाय आठ देता येत नाहीत हे त्याला स्वतः करून बघावं लागेल. एकदा करून भागत नाही, हे बरेच दिवस चालतं. दुसऱ्याला गठ्ठा सोडण्याची गोष्ट पूर्ण कळलेली आहे, त्याची फक्त मांडणी चुकते. ५ वर काट मारून डोक्यावर ४ लिहायची सवय लावली की त्याचं काम लवकर उरकतं. दोघांना ‘कच्चे’ म्हणून क तुकडीत एका बाकावर बसवलं आणि तीच रीत पुन्हा फळ्यावर करून दाखवली, तर पहिल्याच्या पदरात काही पडत नाही आणि दुसरा कंटाळतो.

इथे एक खुबी सांगून ठेवते, शिक्षकांना उपयोगी पडेल. २७ ऐवजी २८ द्या. उलटं वजा करणाऱ्याचं उत्तर ३६ येतं, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३४. एककांतला फरक ५ नसेल असे आकडे निवडले, की चूक कुठून आली ते उत्तरावरूनच कळतं. वेगळी चाचणी नको, वेगळा तास नको, वहीत दिलेल्या पाच गणितांचे आकडे नीट निवडायचे एवढंच. याउपर ‘कसं केलंस ते मला सांग’ असं मुलाला विचारलं तर निम्म्याहून जास्त काम झालं. तुकड्या पाडणाऱ्या टक्केवारीला यातलं काहीच दिसत नाही.

“कच्ची मुलं बाजूला काढली की हुशार मुलं भरारी घेतील”

हे करून पाहिलं गेलं आहे, आणि तेही आपल्या मुंबईत. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात पालिकेच्या शाळांतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज शाळेच्या वेळातले दोन तास वेगळं बसवायची आणि वाचन व पायाचं गणित शिकवायची. अभिजीत बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या कार्यक्रमाचा परिणाम मोजला. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. (या दोघांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) बालसखीकडे गेलेली मुलं चांगली पुढे सरकली. आणि वर्गात राहिलेली? त्यांना रोज दोन तास नेमकं तेच मिळत होतं जे संदेश मागतो: लहान झालेला वर्ग, आणि त्यात कच्ची मुलं नाहीत. त्यांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही.

पडणार कसा? शिक्षक तेच, पुस्तकाचं पान तेच, शिकवण्याची रीत तीच. बाकं रिकामी झाल्याने शिकवणं बदलत नाही.

तुकड्यांच्या बाजूचा एक दमदार पुरावाही आहे. संदेशात तो नाही, म्हणून मीच देते. पश्चिम केनियातल्या १२१ शाळांत पहिलीच्या वर्गासाठी जादा शिक्षक दिले आणि वर्गाच्या दोन तुकड्या केल्या. साधारण निम्म्या शाळांत वाटणी गुणांवर केली, बाकीच्यांत सोडत काढून. दुफ्लो, पास्कलिन दुपा आणि क्रेमर यांनी २०११ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की दीड वर्षानंतर गुणांवर वाटणी झालेल्या शाळांतली मुलं पुढे होती. वरच्या तुकडीतली तर होतीच, खालच्या तुकडीतलीही होती.

मग संदेश बरोबर? तिथे काय काय होतं ते पाहा. मुलं पहिलीतली होती, कुणावर काही शिक्का बसलेला नव्हता. कोणत्या तुकडीला कोणते शिक्षक हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, त्यामुळे खालच्या तुकडीच्या वाट्याला उरलेसुरले शिक्षक आले नाहीत. आणि प्रत्येक तुकडीच्या शिक्षकाला समोरच्या मुलांना झेपेल तिथून शिकवता आलं. आपल्याकडे तुकड्या पडतात तेव्हा यातलं काय होतं? अ तुकडीला शाळेतले नावाजलेले शिक्षक जातात, कारण शाळेचा निकाल आणि फ्लेक्सवरचे फोटो तिथून येणार असतात. क तुकडीला जो मोकळा असेल तो. तिन्ही तुकड्यांना पाठ्यपुस्तक तेच, घटक चाचणीची तारीख तीच, प्रश्नपत्रिका तीच. एकदा क मध्ये गेलेलं पोर बहुतेक ठिकाणी शाळा सोडेपर्यंत क मध्येच असतं. केनियात जे उपयोगी पडलं ते वगळून आपण फक्त भिंत उचलून आणतो. इंग्लंडमध्ये गुणांनुसार गट करण्याची पद्धत जुनी आहे, आणि तिथल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब काढला तर सरासरी फायदा शून्याच्या आसपास निघतो. खालच्या गटातल्या मुलांचं तर थोडं नुकसानच होतं.

माझं म्हणणं एका वाक्यात मांडायचं तर: गट पाडायला माझी हरकत नाही, गट कायमचा करायला आहे. आज हातच्यासाठी माझ्यासोबत बसलेली मुलगी परवा जोडाक्षरांच्या तासाला दुसऱ्याला वाचून दाखवत असते.

“कायद्याने सगळ्यांना एकाच मापाने शिकवायला लावलं”

लिहिणाऱ्याने कायदा उघडलेला नाही हे इथे कळतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. त्यातलं एक असं, की प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पारखायची आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवायचं. प्रत्येक बालकाची, असं कायदाच म्हणतो. एकच माप कुठून आलं?

ते आलं त्याच कलमातल्या त्याच्या अगदी शेजारच्या कर्तव्यातून: ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायचा. ही दोन कर्तव्यं एकमेकांना लागून बसली आहेत आणि वर्गात ती रोज भांडतात. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांना टाचणवही, म्हणजे पाठांच्या तयारीची वही, दाखवता येते, कितवा पाठ चालू आहे ते सांगता येतं. समोरच्या मुलाला गठ्ठा सोडता येऊ लागला, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? त्यामुळे पोर्शन जिंकतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा बिहारचा आहे. तिथे ‘प्रथम’ने सरकारी शिक्षकांना मुलांच्या पातळीप्रमाणे शिकवण्याचं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. २००८ च्या उन्हाळी सुट्टीत याच शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांची महिनाभराची शिबिरं घेतली, तेव्हा मुलं पुढे गेली. शाळा सुरू झाल्यावर त्याच प्रशिक्षणाचा आणि त्याच साहित्याचा परिणाम दिसेना, कारण शिक्षक पुन्हा पुस्तक संपवण्याच्या मागे लागले. शिक्षकाला येत नव्हतं म्हणावं तर सुट्टीत आलं होतं. मुलांना झेपत नव्हतं म्हणावं तर सुट्टीत झेपलं होतं.

“नापास करायचे तेव्हा पोरं शिकत होती”

२००८ ची ‘असर’ पाहणी शिक्षणहक्क कायद्याच्या आधीची. तेव्हाही ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे ४४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. कायद्यानंतर आकडे आणखी घसरले, हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण ‘पूर्वी शिकत होती’ हे त्यातून सिद्ध होत नाही. पूर्वी जी शिकत नव्हती ती दोनदा नापास होऊन शाळेबाहेर गेली, आणि आपल्या आठवणीतल्या वर्गात ती नाहीत.

शिवाय संदेश जुना झाला आहे. २०१९ मध्ये कायदा बदलला. पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसा नियम केला. आधी फेरपरीक्षा, तीही जमली नाही तर त्याच वर्गात. म्हणजे ‘ढकलपास बंद करा’ ही मागणी पाचवी-आठवीपुरती पुरी झाली आहे. आता त्या मुलाकडे बघा. ज्याला दुसरीचं वाचता येत नाही तो पाचवीत पुन्हा बसला, तर त्याच्यासमोर पुन्हा पाचवीचंच पुस्तक येणार. गेल्या वर्षी जे झेपलं नाही, तेच आणि तसंच. अडचण होती दुसरीतली, शिक्षा मिळाली पाचवीत, आणि या सगळ्यात त्याला वाचायला कुणी शिकवलं?

परीक्षेच्या जागी आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची आपण काय दशा केली तेही सांगायला हवं. कल्पना अशी होती की वर्षभर मुलाकडे बघत राहायचं आणि त्याप्रमाणे शिकवणं बदलायचं. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या. ‘वर्गातील उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ ही नोंद किती मुलांच्या नावापुढे आहे याचा शोध घेतला तर हसू येईल. नोंद वाचून दुसऱ्या दिवशीचा तास बदलणार नसेल तर ती लिहिण्यात वेळ तरी कशाला घालवायचा? तेव्हा टीका करायचीच असेल तर परीक्षा काढून टाकण्यावर नका करू, तिच्या जागी जे करायचं ठरलं होतं ते केलं नाही यावर करा.

“एका वर्गात अनेक पातळ्या ही परदेशी थेरं, इथे अशक्य”

हे वाचून द्विशिक्षकी शाळेतल्या कुणालाही गंमत वाटेल. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वाड्यावस्त्यांवरच्या आपल्या कितीतरी शाळा अशाच आहेत. पहिली-दुसरी एका बाईंकडे, तिसरी-चौथी एका गुरुजींकडे, किंवा उलटं. चौथीला भागाकाराचं तोंडी चालू असताना तिसरी लिहीत असते, मग अदलाबदल होते. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. जे ‘अशक्य’ आहे ते या शाळांमध्ये रोज अकरा ते पाच चालू असतं, काही ठिकाणी उत्तम, काही ठिकाणी रडतखडत, पण चालू असतं.

आणि परदेशी? अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला आलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने इथल्या गावशाळेत मोठी मुलं लहानांना वाळूवर अक्षरं गिरवायला शिकवताना पाहिली, ती रीत आपल्या अनाथाश्रमातल्या शाळेत आणली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणात, म्हणजे चरायच्या रानातच शाळा भरवली. कुरणशाळा तिचं नाव. मुलांना शाळेच्या साच्यात बसवण्यापेक्षा शाळा मुलांपर्यंत नेण्याचा तो विचार होता, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरात जन्मलेला होता. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या आसपासच्या छोट्या एकशिक्षकी शाळांसाठी शिक्षणाची शिडी आणि कार्डं तयार झाली: प्रत्येक मूल आपल्या पायरीवरचं कार्ड उचलतं, जमलं की पुढची पायरी. त्यातून कर्नाटकची ‘नली कली’ उभी राहिली, आणि पुढे तमिळनाडूने ती रीत राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. सगळीकडे ती सारखी टिकली नाही, कार्डं फाटली, काही ठिकाणी कार्ड भरणं हेच काम होऊन बसलं. पण परदेशी खचितच नव्हती.

राहिला मोठ्या वर्गाचा प्रश्न. चाळीस मुलांसाठी चाळीस पाठ काढायचे, असा काहींचा समज असतो, आणि मग अर्थातच घाम फुटतो. तसं कुणी करत नाही. माझ्या तासाची साधारण ठेवण अशी असते: सुरुवातीला सगळ्यांचं एकत्र, एखादं बाजाराचं किंवा एसटीच्या तिकिटाचं तोंडी उदाहरण. मग तीन गट, त्यातल्या एकाजवळ मी जमिनीवर बसते. बाकीच्या दोघांना असं काम, की ज्यात मला हाक मारावी लागणार नाही. शेवटी पुन्हा एकत्र. सगळ्यात अवघड भाग म्हणजे ते ‘हाक मारावी लागणार नाही’ असं काम शोधणं. उतारा काढायला देणं हा सोपा मार्ग आहे, पण त्यात हात दुखण्यापलीकडे काही होत नाही.

काही वेळा गट पाडायचीही गरज नसते, प्रश्नच असा द्यायचा की त्यात सगळ्यांना शिरता येईल. ‘उत्तर २४ येईल अशा वजाबाक्या तयार करा.’ ज्याला अजून काड्या लागतात तो ३० मधून ६ काढून बघतो. दुसरी ५२ वजा २८ वर पोचते आणि हातचा बरोबर आला म्हणून खूश होते. एखादी ४०३ वजा ३७९ लिहून आणते, मध्ये शून्य घालून मुद्दाम अवघड केलेलं. आणि कुणीतरी एक जण ५२ वजा २८, ५३ वजा २९, ५४ वजा ३० असं एकाखाली एक मांडतो आणि म्हणतो, दोन्हीत एकेक वाढवलं तरी उत्तर तेच राहतंय. इथे थांबायचं. ५४ वजा ३० ला हातचाच लागत नाही, हे वर्गासमोर आलं की हुशार मुलाची जांभई जाते. त्याला दिवसभर वेगळ्या खोलीत बसवायची गरज नव्हती, विचार करायला काहीतरी हवं होतं. कच्च्यांमुळे हुशार मुलं अडकतात असं म्हणणाऱ्यांनी, त्या मुलांना वर्गात शेवटचा अवघड प्रश्न कधी मिळाला होता, हेही विचारून बघावं.

इथे आमच्या बाजूच्यांनाही एक टोला. वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळं शिकवायचं म्हटलं की प्रशिक्षणात लगेच तक्ता लागतो: हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून, ते हाताने करून, प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचे अभ्यास तपासले आणि तिला आधार देईल असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. काड्यांचे गठ्ठे ‘हाताने शिकणाऱ्या’ मुलासाठी नसतात. दशक म्हणजे काय हे ज्याला अजून कळलेलं नाही त्या प्रत्येकासाठी ते असतात. आपल्याच बाजूने अशी कच्च्या विटांची भिंत उभी केली, की समोरच्याला तीच आधी पाडता येते.

“विशेष गरजा असलेली मुलं विशेष शाळेतच बरी”

काही मुलांसाठी विशेष शाळाच योग्य असते, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांतली हवी ती मोफत निवडू देतो. निवड मुलाची आणि पालकांची आहे, शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पालकांची नाही. त्याच कायद्याने मानलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही येते, म्हणजे बुद्धीला काही कमी नाही पण वाचताना किंवा लिहिताना अक्षरं दगा देतात अशी मुलं. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, देशात सगळ्यांत आधी. ही मुलं तुमच्या-आमच्या वर्गातच आहेत, बहुतेक वेळा ओळख न पटलेली, आणि संदेशाच्या भाषेत ‘कच्ची’.

“शिक्षकाला वेळ कुठे आहे?”

हा मुद्दा मात्र खरा, शंभर टक्के. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. पण मतदार याद्यांचं काम त्या अपवादात अलगद बसतं, आणि बाकी ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, उपक्रमांचे फोटो चढवणं, हे तर ‘शिक्षणाचंच’ काम म्हणून येतं. वर्ग चालू असताना ‘आत्ता लगेच भरा’ असा निरोप येतो, आणि जमिनीवर बसलेला माझा गट गठ्ठे हातात धरून वाट बघतो.

हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शाळांत शाळेच्या दिवसात एक जादा तास राखून ठेवला गेला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसायची, शिकवायचे त्यांचेच शिक्षक, आणि वरचे अधिकारी येऊन तो तास खरंच चालू आहे का ते बघायचे. हिंदी वाचनात मुलं पुढे गेली. भिंत बांधावी लागली नाही, कुणाला क म्हणावं लागलं नाही. त्या तासाला पोर्शनला हात लावायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांनी पाळलं.

आपल्या प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत तुकड्यांची मागणी करण्याआधी वेळापत्रक मागून घ्या. त्यात असा एक तास आहे का ते बघा. असेल तर त्या तासाला एखाद्या दिवशी न सांगता या आणि बाई मुलांजवळ बसल्या आहेत की मोबाईलवर माहिती भरताहेत, ते पाहा. माहिती भरत असतील तर ती कुणी मागितली ते विचारून घ्या, आणि बैठकीच्या इतिवृत्तात त्या कार्यालयाचं नाव आणि मागणीची वेळ लिहायला लावा.